३५ तासांचं सीसीटीव्ही फुटेज पाहायचं आहे, कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात पहाटे फिरायला गेलेल्या माझ्या काकांना मागून आलेल्या गाडीने उडवलं आणि गाडी तशीच निघून गेली. काका अजून आयसीयूत आहेत. गुन्हा नोंदवलाय. साहेब म्हणाले, "फुटेजमध्ये काही दिसलं तर लगेच कळवा."

रेकॉर्डिंगवर रेकॉर्डिंग चढेल या धास्तीने आम्ही भावंडांनी दुकानं, पेट्रोल पंप, सोसायट्या पालथ्या घातल्या. १४ कॅमेऱ्यांचं पहाटे साडेचार ते सातचं, म्हणजे ३५ तासांचं फुटेज पेन ड्राइव्हवर मिळालं. एका दूधवाल्याने पांढरा छोटा टेम्पो भरधाव जाताना पाहिला, एवढाच धागा आहे.

दोन रात्री जागून जेमतेम चार कॅमेरे झाले. फास्ट फॉरवर्ड केलं की काहीतरी सुटलं असं वाटतं, पुन्हा मागे जाते. त्यात प्रत्येक डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ वेगळं. मेडिकलवाल्याचं तर ११ मिनिटं पुढे आहे. पावणेसहाची पहिली एसटी सगळीकडे दिसते, तिच्यावरून मी वेळा जुळवतेय. हे बरोबर आहे ना? फक्त गाड्या वेगळ्या काढून देणारं काही आहे का? आणि एका क्लिपमध्ये नंबर प्लेट पुसट दिसते, ती एआय ॲपने स्पष्ट करू का?

उत्तर

ताई, काकांना लवकर आराम पडो. मी व्हिडिओ पुराव्यांचंच काम करतो.

आधी नंबर प्लेट. एआय ॲपला हात लावू नका. ते पुसट अक्षर वाचत नाही, अंदाजाने नवे पिक्सेल भरते. आठचा तीन झाला तर भलत्याच माणसाच्या दारात पोलीस जातील. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका न्यायालयाने २०२४ मध्ये असा एआयने सुधारलेला व्हिडिओ नाकारलाय. ती मूळ क्लिप जशीच्या तशी साहेबांना द्या, फॉरेन्सिक लॅब पाहील.

गाड्या वेगळ्या काढायला 'डीव्हीआर-स्कॅन' वापरा, फुकट आहे. चित्रातला फक्त रस्त्याचा भाग आखून द्या, नाहीतर झाडाची फांदी हलली, कुत्रं गेलं तरी ते क्लिप काढत बसतं. पहाटे हेडलाइटच्या झोतानेही फसतं, म्हणून संवेदनशीलता दोनतीनदा बदलून पाहा. पोलिसांकडे 'ब्रीफकॅम'सारखी महागडी सॉफ्टवेअर असतात. त्यांत वेगवेगळ्या वेळी गेलेल्या गाड्या एकाच पडद्यावर, आपापल्या वेळेच्या चिठ्ठीसह धावताना दिसतात आणि रंगावरून, प्रकारावरून गाळताही येतात. तुमच्या ३५ तासांना त्याची गरज नाही.

एसटीची युक्ती उत्तम. प्रत्येक कॅमेऱ्याचा फरक वहीत लिहून ठेवा, डीव्हीआरचं घड्याळ मात्र कोणाला दुरुस्त करू देऊ नका.

मूळ पेन ड्राइव्ह आता बाजूला ठेवा, काम कॉपीवरच करा. दोन्हींतल्या फाइलींचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारा अंक-अक्षरांचा ठसा, काढून जुळतोय ना पाहा; फाइल जराही बदलली तर तो बदलतो. जालन्याच्या निवडणुकीतल्या व्हिडिओवरूनच खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. कोर्टात कॉपी दाखल करायची तर ती कुठून, कशी काढली याचं प्रमाणपत्र हवंच, असं २०२० च्या निकालाने पक्कं केलं. आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली लागतं, हॅशसकट. म्हणून टेम्पो सापडला की त्या दुकानाचा डीव्हीआर पोलिसांना पंचनामा करून ताब्यात घ्यायला सांगा.

धागाकर्ती

दादा, खूप आधार वाटला. हॅश काढले, जुळले. पण तीन दुकानदारांनी डीव्हीआरच्या पडद्याचं मोबाइलवर शूटिंग करून दिलंय. त्यांच्याकडचं मूळ रेकॉर्डिंग पुसलं जायच्या आत उद्या सकाळी साहेबांना घेऊनच जाते. डीव्हीआरमधून फाइल काढताना कोणता फॉरमॅट मागू?