ऑपेरेटाचं पुनरुज्जीवन: जुनं देणं फेडणं की नुसती पिसं आणि चमकी?

सातवी_रांग
बर्लिनला आल्यावर पहिली दोन वर्षं मी ऑपेरेटाच्या (म्हणजे गाणी, नाच आणि मध्ये संवाद असलेला हलकाफुलका ऑपेरा) वाटेला गेलो नाही. झुंबरं, वॉल्ट्झ, मिशीवाले काउंट आणि प्रेक्षागृहात सत्तरीपुढची मंडळी, असा पक्का समज होता. मग कोमिशे ओपर या इथल्या ऑपेरा-थिएटरात संगीतकार ऑस्कर श्ट्राउसचा ‘आइने फ्राउ, डी वाइस, वास झी विल’ बघितला. नावाचा अर्थ, आपल्याला काय हवंय ते पक्कं ठाऊक असलेली बाई. डागमार मान्त्सेल आणि माक्स होप, दोघंच सगळ्या भूमिका करतात. आत गेलेला माणूस बघता बघता दुसऱ्याच पात्राचे कपडे चढवून बाहेर! तिथे समोरच्या खुर्चीच्या पाठीवर भाषांतराची छोटी पट्टी असायची, तुर्कीसुद्धा निवडता यायची. माझं इंग्रजी वाचून होईपर्यंत बाकीचे हसून मोकळे झालेले असायचे आणि शेजारच्या आजीबाई माझ्याकडे दयेने बघायच्या.

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की 1932 मध्ये याचा पहिला प्रयोग याच इमारतीत, तेव्हाच्या मेट्रोपोल थिएटरात झाला होता. नायिका फ्रिट्सी मासारी. ती आणि श्ट्राउस दोघंही ज्यू घराण्यातले, दोघांनाही जर्मनी सोडावी लागली. पाउल आब्राहाम या संगीतकाराचा ‘बाल इम सावॉय’ हा ऑपेरेटा 23 डिसेंबर 1932 ला लागला आणि सव्वा महिन्यात हिटलर चॅन्सेलर झाला.

माझं म्हणणं एवढंच: ऑपेरेटा आपणहून म्हातारा झाला नाही, त्याला म्हातारा केला. लिहिणारे-गाणारे हाकलले, काहींना मारलं. युद्धानंतर तीच गाणी जाझ गाळून, वरून व्हायोलिनचा पाक ओतून रेकॉर्डवर आणि टीव्हीवर आली. दिग्दर्शक बॅरी कोस्कीने 2012 ते 2022 कोमिशे ओपर चालवताना हा खजिना परत बाहेर काढला, ते मला जुनं देणं फेडल्यासारखं वाटतं.

खर्ज
देणं वगैरे शब्द फार जड झाले हो. मेलेलंच नाही त्याला जिवंत काय करणार? श्ट्राउसचा (हा योहान, तुमचा ऑस्कर वेगळा) ‘फ्लेडरमाउस’ 1874 चा. व्हिएन्नात 31 डिसेंबरला तो बघायचा रिवाज आजही चालू आहे. संगीतकार लेहारची ‘लुस्टिगे विट्वे’ 1905 ची, तीही कधी बंद पडली नाही. तुमचं पुनरुज्जीवन म्हणजे बर्लिनच्या एका थिएटरची, एका दिग्दर्शकाची आणि सरकारी अनुदानाची गोष्ट.

आणि ती पिसं, चमकी, पुरुष बायकांच्या वेषात... हे 1932 चं बर्लिन म्हणून दाखवतात, पण आहे ते आजचं. आवडत असेल तर जरूर बघा. ‘मूळ रूप’ म्हणून विकू नका.

विंगेतून
पिसांबद्दल खर्जरावांशी निम्मा सहमत. पण कानांचं काय? मी हौशी वाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवतो, म्हणून माझं लक्ष तिकडेच जातं. आब्राहामच्या वाद्यवृंदात अख्खा जाझ बँड बसलेला असे. छापील पियानो प्रतीवरून त्याचा पत्ताच लागत नाही. हेनिंग हागेडोर्न आणि माथियास ग्रिमिंगर यांनी त्याचे ऑपेरेटा त्या जुन्या घाटात परत बांधले. त्याच गाण्याची पन्नासच्या दशकातली रेकॉर्ड आधी ऐका आणि मग हे ऐका. चाल तीच, पण पहिल्यात डुलकी लागते आणि दुसऱ्यात पाय हलतो.

दुसरं म्हणजे आवाज. आपल्याकडे गाणारा नट मोठा की नटणारा गवई मोठा यावर पिढ्यान्‌पिढ्या चहा संपलाय. तिथेही तेच! मासारी गाणं जवळजवळ बोलायची, शब्द फेकायची. उलट रिचर्ड टाउबर हा मोत्सार्ट गाणारा तयारीचा टेनर, लेहारने त्याच्यासाठीच लिहिलं. कोस्कीने पहिली वाट धरली. ती ऑस्कर श्ट्राउसला शोभते, लेहारला त्याच मापाचा अंगरखा घातला तर तोकडा पडेल.

तिरपागडा
‘परत बांधले’ इथेच माझं घोडं अडतं. संगीतकार वाइनबर्गरचा ऑपेरेटा ‘फ्रूलिंग्जश्ट्यूर्मं’ घ्या. 20 जानेवारी 1933 ला लागला, टाउबरच नायक. वाद्यवृंदाची मूळ प्रत हरवली. 2020 मध्ये कोस्कीने तो केला तेव्हा नॉर्बर्ट बियरमान यांनी उरल्यासुरल्या साहित्यावरून तो नव्याने उभा केला. कष्ट मान्य. पण मग आपण ऐकतो ते वाइनबर्गरचं की बियरमानचं? मूर्तीचं नाक तुटलं तर तुटकीच ठेवावी, या मताचा मी आहे.

विंगेतून
मूर्ती तुटकी असली तरी दिसते हो. न वाजलेलं संगीत कुठे दिसतं?

घुमट
जरा अवांतर: पॅरिसचा ऑपेरेटाकार ऑफेनबाख 5 ऑक्टोबर 1880 ला गेला आणि 31 ऑक्टोबरला पुण्यात ‘शाकुंतल’ लागलं!

तिरपागडा
योगायोगावर पूल बांधू नका, कोसळतात.

मुक्ता_
कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलते. यातल्या बऱ्याच संहिता आज बघवत नाहीत. लेहारच्या ‘दास लांट देस लेखेल्न्स’मध्ये व्हिएन्नाची मुलगी चिनी राजपुत्राच्या प्रेमात पडते. चीन कसला, चहाच्या डब्यावरचं चित्र! इंग्लंडातल्या गिल्बर्ट-सलिव्हनचा ‘मिकाडो’ तसाच, फक्त तिथे जपान. 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मंडळीला विरोधामुळे त्याचे प्रयोग रद्द करावे लागले. लेखक छळला गेला म्हणून त्याचं लिहिलेलं सगळं सोवळं होत नाही.

सातवी_रांग
मुक्ता, मुद्दा मान्य. पण त्याच ‘लांट’च्या शब्दांचं काय झालं तेही बघा. लुडविग हेर्त्सरच्या जोडीने ते लिहिले फ्रिट्स ल्योनर-बेडाने. लेहार हिटलरचा आवडता, त्यामुळे संगीत वाजत राहिलं. ल्योनर-बेडा ज्यू; तो डाखाउ, मग बूखेनवाल्डच्या छळछावणीत, आणि डिसेंबर 1942 मध्ये आउश्वित्सच्या मोनोवित्स छावणीत मारला गेला. बूखेनवाल्डमध्ये त्याने कैद्यांसाठी गाणं लिहिलं, चाल हेर्मान लेओपोल्डीची. तेव्हा संहिता जशीच्या तशी करा असं मी म्हणत नाही. करताना हे माहीत असावं. 2023 मध्ये व्हिएन्नाच्या फोल्क्सओपर या थिएटरने तेच केलं. 1938 मध्ये, नाझी शहरात शिरले तेव्हा तिथे एका ऑपेरेटाची तालीम चालू होती (त्याच्या लेखकांतही ल्योनर-बेडा होता). त्या तालमीवरच त्यांनी नवं नाटक रचलं. मूळ गाणी गोडच आहेत, आणि त्या गोडीनेच घशात आवंढा येतो.

खर्ज
हे आवडलं. कारण इथे कोणी जुन्या नाटकाला नवे कपडे चढवले नाहीत, सरळ नवं नाटक लिहिलं. मुक्तासारख्यांची अडचण असेल तर हाच मार्ग. लेहारच्या ओळी बदलून त्याच्याच नावावर खपवू नका.

मुक्ता_
ओळी बदलायच्या नाहीत? मग तुमच्या लाडक्या ‘फ्लेडरमाउस’मधला फ्रॉश? तिसऱ्या अंकातला दारुडा तुरुंगरक्षक, गात नाही, नुसता बोलतो. दर वेळी विनोदी नट त्याच्या तोंडी त्या आठवड्याचं राजकारण घालतो. ऑफेनबाखने 1858 च्या ‘ऑर्फे’मध्ये अमृत पिऊन कंटाळलेल्या देवांचा संप दाखवला आणि त्यात खुशाल ‘मार्सेयेज’ या क्रांतिगीताची चाल घुसवली, तेव्हा गादीवर सम्राट होता. हा प्रकार जन्मापासूनच उचापतखोर आहे. त्याला काचेच्या कपाटात तुम्ही ठेवताय, कोस्की नाही.

खर्ज
फ्रॉशची जागा श्ट्राउसच्या मंडळींनी मोकळी सोडली होती म्हणून तिथे बोलतात. घरात पाहुण्यांसाठी एक खोली रिकामी असते, म्हणून पाहुण्यांनी स्वयंपाकघराची भिंत पाडायची नसते.

विंगेतून
भिंत पाडली तर नाही ना, मागून सॅक्सोफोन ऐकू आला तेवढाच. खर्जराव, पुढच्या वेळी बर्लिनला आलात तर एक तिकीट माझ्याकडून. कोमिशे ओपरच्या जुन्या इमारतीचं काम चालू आहे, त्यामुळे सध्या शिलर थिएटरात यावं लागेल.

खर्ज
येतो. पण डोळे मिटून बसेन.