यूरॉलॉजिस्टच्या पदव्या आणि अनुभव कसा पडताळावा?

सातारकर:
माझे वडील 68 वर्षांचे आहेत. त्यांना रात्री वारंवार लघवीला उठावे लागते, धार बारीक झाली आहे आणि सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याचे दिसले आहे. आमच्या डॉक्टरांनी दोन यूरॉलॉजिस्टची नावे सुचवली आहेत. एकांच्या फलकावर पदव्यांची लांबलचक ओळ आणि ‘प्रदीर्घ अनुभव’ असा उल्लेख आहे, तर दुसरे तुलनेने तरुण आहेत. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर कोणावर विश्वास टाकावा, हे आमच्यासारख्यांनी कशावरून ठरवावे?

एक शल्यचिकित्सक, पुणे:
ओळ कितीही लांब असली, तरी तिच्यात एम.सीएच. (यूरॉलॉजी) किंवा त्याच तोडीची डीएनबी, म्हणजे आताची डीआरएनबी, आहे का, एवढे आधी पाहावे. एमबीबीएसनंतर 3 वर्षे जनरल सर्जरी आणि त्यापुढे 3 वर्षे केवळ यूरॉलॉजी, असा हा मार्ग आहे. फेलोशिप म्हणून लिहिलेल्या काही गोष्टी वर्षभराच्या प्रशिक्षणाच्या असतात, तर काही निव्वळ संस्थेच्या सभासदत्वाच्या, त्यामुळे त्यांवरून मूळ पात्रता ठरत नाही. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक छापणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो.

अनुभवाबद्दल मात्र थेट विचारावे. मुतखड्याच्या शस्त्रक्रियांत वर्षे घालवलेले डॉक्टर प्रोस्टेटच्या लेसर शस्त्रक्रियेत तितकेच सरावलेले असतील असे नाही. ‘आपण टीयूआरपी (दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडणे) करता की होलेप (लेसरने प्रोस्टेट काढणे), महिन्याला साधारण किती करता, आणि माझ्या वडिलांसाठी हीच पद्धत का?’ हे प्रश्न विचारण्यात काहीही अवमान नाही. जे डॉक्टर शांतपणे उत्तर देतात आणि आधी औषधांनी भागेल का हेही सांगतात, त्यांच्याकडे माझा कल राहील, मग वय कोणतेही असो.

रुग्णाची मुलगी, नाशिक:
वरच्या उत्तरात मी एकच भर घालते: शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री कोण हजर असेल, हे आधीच विचारून ठेवा. माझ्या वडिलांच्या कॅथेटरमध्ये (लघवीसाठी घातलेल्या नळीत) मध्यरात्री रक्ताची गुठळी अडकली, पिशवीत लघवी उतरेना आणि ओटीपोट दगडासारखे घट्ट झाले. निवासी डॉक्टरांनी लगेच मोठ्या सिरिंजने सलाइन सोडून गुठळ्या ओढून काढल्या आणि वडिलांना आराम पडला. आमचे सर्जन अनुभवी होतेच, पण त्या घटकेला उपयोगी पडली ती रुग्णालयातील व्यवस्था.

सातारकर:
मनापासून आभार. पहिल्या भेटीला जाताना सोबत काय न्यावे? वडील हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात.

एक शल्यचिकित्सक, पुणे:
ती गोळी सर्वांत आधी सांगा, आणि हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय स्वतःहून बंद करू नका. सोनोग्राफीचा अहवाल, लघवीची तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) आणि पीएसएचे (प्रोस्टेटसंबंधी रक्ततपासणीचे) जुने आकडे तारखांसह न्या. प्रोस्टेट लहान करणारे फिनास्टेराइड किंवा ड्यूटास्टेराइड हे औषध सुरू असेल, तर तेही सांगा, कारण काही महिन्यांत या औषधांमुळे पीएसए जवळपास निम्म्यावर येतो आणि आकडा फसवा वाटू शकतो. तीन-चार दिवस लघवीची वेळ आणि प्रमाण वहीत टिपून ठेवले, तर डॉक्टरांना फार मदत होते. शक्यतो भरल्या मूत्राशयाने जा, म्हणजे लघवीच्या धारेची तपासणी त्याच भेटीत उरकेल. लघवी पूर्णच अडली किंवा थंडी वाजून ताप आला, तर मात्र ठरलेल्या भेटीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.