मदत हवी आहे: कबड्डीत डोक्याला गुडघा लागला, सीटी नॉर्मल, पण मुलगा अजून ठीक नाही

सांजवात:
मुलगा पंधरा वर्षांचा, शाळेच्या संघात डावा कोपरा खेळतो. गेल्या शनिवारी त्याने चढाईपटूचा घोटा धरला, त्या मुलाने सुटायला पाय झटकला आणि गुडघा याच्या कानशिलावर बसला. पडला, पण शुद्ध गेली नाही. सरांनी डोक्यावर पाणी ओतलं, किती बोटं ते विचारलं, आणि पुढच्या चढाईला हा पुन्हा मॅटवर! मी कडेलाच उभी होते. मलाही तेव्हा काही वाटलं नाही, त्याचंच वाईट वाटतंय.

रात्री उलटी झाली. सीटी स्कॅन नॉर्मल. ‘मुका मार आहे, आराम करा’ म्हणून घरी पाठवलं. आज आठवा दिवस. ट्यूबलाइट सहन होत नाही, गणितं अर्धवट सोडतो, धाकटीवर उगाच खेकसतो. वर म्हणतो, मी फिट आहे, कारण रविवारी उपांत्य सामना.

स्कॅन स्वच्छ असताना हे सगळं कशामुळे? सर म्हणतात, डोक्याला गार्ड घालून उतरवू. उपयोग होईल? कृपया घाबरवू नका, गूगल करून आधीच घाबरले आहे.

फिजिओ_ताई:
आधी रविवार विसरा.

हे कन्कशनच वाटतंय, म्हणजे फटक्याने मेंदू हादरणं. त्यात शुद्ध जावीच लागते असं नाही. सीटीत रक्तस्राव दिसतो, कवटीची भेग दिसते. मेंदूतले ताणले गेलेले तंतू दिसत नाहीत. डब्यात लावलेला खरवस आठवा. डबा सरळ सरकवला तर फारसं बिघडत नाही, गर्रकन फिरवला तर कडेने सुटतो. मेंदूही दाबाला दाद देत नाही, पिळाला देतो. ऑक्सफर्डच्या हॉलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये जिलेटिनचा मेंदू करून हेच दाखवलं होतं. कानशिलावरचा फटका डोकं मानेवर फिरवतो. त्यात घोटा धरताना नजर खाली, मार येताना दिसत नाही, मग मान आवळायला वेळच मिळत नाही.

गार्डने खोक वाचेल, डोकं फिरायचं ते फिरणारच. क्रिकेटचं हेल्मेट केवढं दणकट, तरी २०२० मध्ये कॅनबेराला स्टार्कचा चेंडू हेल्मेटवर बसल्यावर कन्कशनमुळे जडेजाच्या जागी चहल आलाच होता.

आता हलकं चालणं चालेल. मग पूर्ण वेळ शाळा, मग पळणं, मग एकट्याचा सराव, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच पकडी. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. त्रास वाढला तर एक पायरी मागे. मुलांना चार आठवडेही लागतात. बरं होण्याआधी दुसरा फटका बसला तर क्वचित मेंदूला अचानक सूज येते, ते जिवावर बेततं. न्यूरोलॉजिस्टला दाखवाच. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा उलट्या, झटके, गुंगी, हातापायांत अशक्तपणा असं काही झालं तर रात्र असली तरी थेट इस्पितळ.

मातीतला_गडी:
आमच्या वेळी डोळ्यांसमोर काजवे चमकले तरी पाणी मारून परत उभं करायचे. आम्हीही सांगायचो नाही, जागा जाईल म्हणून. तुमचा पोरगाही लपवतोय, ताई. त्याला ‘कसं वाटतंय’ विचारू नका, वाचायला बसवा आणि किती वेळ टिकतो ते बघा.

सांजवात:
बसवलं. सात मिनिटं. उद्याची न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतली आहे. सरांना फोन केला, जरा चिडले. पोरगा तर माझ्याशी बोलतच नाहीये.