मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाचं घोडं नेमकं अडतं कुठे?

मुक्ता_ठाणे
दिवाळीत आईला स्मार्टवॉच घेतलं. वय ६३, शुगर आहे, रोज सकाळी तासभर चालते. तीन महिने झाले आणि मला खरंच प्रश्न पडलाय की हे बनवणारे कोणाचं मनगट डोळ्यांसमोर ठेवून बनवतात? आईचं मनगट बारीक, त्यात काचेच्या बांगड्या, मग घड्याळ बांगड्यांच्या वर सरकवायचं आणि तिथे ते गोल गोल फिरतं. कणीक मळून झाली की चार्जिंगच्या पिनांत पीठ. बॅटरी जेमतेम दीड दिवस, म्हणून रात्री चार्जिंगला लावायचं आणि झोपेची नोंद रिकामीच. सगळ्यात वाईट म्हणजे चालताना पल्स अचानक १२५ दाखवतं, ती घाबरून बाकावर बसते. पुढे हे सुधारणारे का? आणि शुगर मोजणारं घड्याळ येणारे म्हणतात, त्यासाठी थांबू का?

सोल्डरवाला
आधी त्या १२५ चं बघू. मागे जो हिरवा लाइट लुकलुकतो ना, तो रक्तात शोषला जातो, प्रत्येक ठोक्याला रक्त कमीजास्त होतं तसा परत येणारा उजेडही बदलतो, त्यावरून पल्स काढतात. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो, आणि हात लयीत हलत असला की सेन्सर ठोक्यांऐवजी पावलंच मोजायला लागतो. झपाझप चालताना मिनिटाला ११०-१३० पावलं सहज पडतात, म्हणजे ते १२५ आईच्या पावलांचेही असू शकतात! पुढच्या वेळी थांबून नाडीवर बोटं ठेवून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. तरी जास्तच आली किंवा चक्कर वगैरे असेल तर सरळ डॉक्टर. गोंदण असेल, हात गार पडले असतील तरी रीडिंग बिघडतं. खरंतर छाती किंवा कान यापेक्षा बरी जागा, पण घड्याळ सवयीने मनगटावरच बसलंय.

चावीचं_घड्याळ
बॅटरीचं दुखणं जागेचं आहे. फोनमध्ये ५००० एमएएच मावते, घड्याळात ३००-४०० च्या आसपास, मोठी घातली तर घड्याळ जाड होऊन बाहीत अडकतं. २०१२ ला किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर पैसे उभे करून २०१३ ला आलेलं पेबल घड्याळ कमी बॅटरी खाणाऱ्या ई-पेपर स्क्रीनमुळे आठवडाभर चालायचं, २०१५ ला ॲपल वॉच आलं ते रंगीत झगझगीत स्क्रीन आणि १८ तास घेऊन, आणि लोकांनी झगझगीतच उचललं. आता काही घड्याळांत दोन चिप असतात, बारकी चिप पल्स-पावलं सांभाळते आणि मोठी झोपून राहते, मला तरी पुढचा रस्ता हाच वाटतो. माझा राग वेगळ्यावर आहे. पाणी जाऊ नये म्हणून सगळं गोंदाने चिकटवतात, माझ्या घड्याळाची बॅटरी तीन वर्षांत बसली तर सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला नवीनच घ्या. वडिलांचं एचएमटी जनता चावी दिली की अजून चालतं हो.

वैद्यकी_उपकरणं
मुक्ताताई, शुगरसाठी अजिबात थांबू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) बजावून सांगितलं की त्वचेला न टोचता स्वतःच शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांची मान्यता नाही. ग्लुकोजचं प्रमाण इतकं थोडं की त्याचा सिग्नल पाणी, घाम, त्वचा यांत बुडून जातो. दंडावर चिकटवायचा सीजीएम, म्हणजे सतत शुगर मोजणारा सेन्सर असतो, त्याची बारीक तार त्वचेखाली जाते, तो खरा मोजतो आणि घड्याळ फक्त आकडा दाखवतं. बीपीचंही तसंच, सॅमसंगच्या घड्याळाला दर २८ दिवसांनी दंडपट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. ईसीजी मात्र २०१८ पासून ॲपलच्या घड्याळात आहे, ठोक्यांची लय बिघडली तर ते कामाला येतं, माझी जास्त आशा तिथेच आहे. घड्याळातल्या आकड्यावर गोळीचा डोस कधीही बदलू नका, प्लीज.

मुक्ता_ठाणे
खूप खूप आभार सगळ्यांचे. आज बांगड्या नसलेल्या हातात, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, पट्टा एक भोक घट्ट करून तिला चालायला पाठवलं. पल्स ९६, आणि बाकावर बसून नाडी मोजली तर २३ गुणिले चार, ९२. चार्जिंग आता आंघोळ आणि पूजेच्या वेळात करतोय, आज रात्री पहिल्यांदा घालून झोपेल.