बॉयलरच्या ट्यूबमधील काजळी काढण्यासाठी हातयंत्र घ्यावे, की सळईचा ब्रश पुरेसा आहे?

प्रश्न – कुपवाड, देखभाल विभाग

नमस्कार. कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका दूधप्रक्रिया युनिटमध्ये देखभालीची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमच्याकडे ताशी दोन टन वाफ देणारा, तीन पासचा, वेट बॅक पद्धतीचा स्मोक ट्यूब बॉयलर आहे. म्हणजे तप्त वायू ट्यूबच्या आतून जातो आणि बाहेर पाणी असते; वायू भट्टीतून एकदा आणि ट्यूबमधून दोनदा अशा तीन फेऱ्या (पास) करतो आणि मागे तो जिथे वळतो तो कक्ष पाण्याने वेढलेला असतो. इंधन म्हणून उसाच्या बगॅसच्या (चिपाडाच्या) ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या विटा, वापरतो. त्या कमी पडल्या की लाकूड वापरावे लागते. दिवसाला साधारण पाच टन इंधन जळते.

ट्यूब साफ झाल्यानंतर पहिल्या दिवशी चिमणीकडे जाणाऱ्या वायूचे तापमान १९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पुढच्या साफसफाईची वेळ येते तेव्हा ते २४० पर्यंत चढलेले दिसते. सध्या लांब सळईला तारेचा ब्रश लावून दोन माणसे एकेक ट्यूब घासतात. हे काम सुटीच्या दिवशी सकाळी सुरू होते आणि अंधार पडेपर्यंत चालते. शेवटच्या ओळींपर्यंत माणसे थकलेली असतात, त्यामुळे तिथल्या ट्यूब पहिल्या ओळींइतक्या स्वच्छ होत नाहीत, हे दार बंद करण्यापूर्वी बॅटरी मारून पाहिले की स्पष्ट दिसते.

हातात धरून चालवायचे, लवचीक शाफ्टच्या टोकाला ब्रश फिरवणारे यंत्र घेण्याचा विचार आहे. विजेवरचे आणि हवेच्या दाबावरचे असे दोन्ही प्रकार विक्रेत्याने दाखवले. कोणते घ्यावे, त्याने ट्यूबला इजा होते का आणि खर्च भरून निघतो का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – सातारा, निवृत्त बॉयलर अभियंता

आपण तापमानाची नोंद ठेवता, ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण आपल्या खर्चाच्या प्रश्नाचे उत्तर त्या नोंदीतच आहे. चिमणीच्या वायूचे तापमान २२ अंशांनी वाढले की बॉयलरची कार्यक्षमता अंदाजे एक टक्क्याने घटते, असा केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या प्रशिक्षण साहित्यातील ठोकताळा आहे. आपल्याकडे ५० अंशांची वाढ दिसते, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास नुकसान झाले. रोजच्या पाच टन इंधनावर ते ११० किलोच्या वर जाते. अर्थात हे नुकसान साफसफाईच्या आदल्या दिवशीचे आहे. सुरुवातीला ते शून्य असते आणि हळूहळू वाढत जाते, म्हणून सरासरी त्याच्या निम्मी धरावी. तरीही दररोज पन्नास-पंचावन्न किलो ब्रिकेट चिमणीतून वाया जातात. या आकड्याला आपल्या ब्रिकेटच्या दराने गुणून पाहिल्यास यंत्राची किंमत किती महिन्यांत वसूल होईल, हे आपले आपल्यालाच दिसेल.

त्याच साहित्यात आणखी एक सूचना आहे आणि ती मी नोकरीत असताना कसोशीने पाळली. नुकत्याच साफ केलेल्या बॉयलरपेक्षा तापमान सुमारे २० अंशांनी वाढले की ट्यूब साफ करण्याची वेळ झाली असे समजावे. आपण ५० अंशांपर्यंत थांबता, त्याचे कारण उघड आहे: काम इतके कष्टाचे आहे की ते वारंवार काढणे कोणालाच परवडत नाही. यंत्राचा खरा फायदा मला इथे दिसतो. यंत्रामुळे एका वेळची साफसफाई सळईपेक्षा फार चांगली होते असे नाही; मात्र ती सोपी होते आणि म्हणून वेळेवर होते.

आता प्रकाराविषयी. ब्रिकेट आणि लाकूड यांची राख तेलाच्या काजळीपेक्षा वेगळी असते. फर्नेस ऑइल किंवा डिझेलवरच्या बॉयलरमध्ये मऊ, काळी, पिठासारखी काजळी साचते आणि फिरत्या ब्रशने ती एका फेरीत निघते. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते, लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. हे क्षार तुलनेने कमी तापमानाला मऊ पडतात, त्यामुळे जिथे वायू सर्वांत तप्त असतो तिथे, म्हणजे दुसऱ्या पासच्या ट्यूबच्या मागच्या तोंडाशी, गुळाच्या काहिलीच्या कडेला धरणाऱ्या खरपुडीसारखा थर बसतो. या थरावर नुसता तारेचा ब्रश फिरवल्यास तो गुळगुळीत होतो, निघत नाही. तिथे आधी स्प्रिंगच्या पात्यांचा स्क्रॅपर चालवावा आणि नंतर ब्रश. म्हणून यंत्र घेताना एकाच शाफ्टवर ब्रश आणि स्क्रॅपर दोन्ही बसतात ना, एवढे आवर्जून पाहावे. विक्रेते प्रात्यक्षिक बहुधा मऊ काजळीवर दाखवतात. आपण त्यांना आपल्याच बॉयलरच्या दुसऱ्या पासमध्ये प्रात्यक्षिक द्यायला सांगावे.

ब्रशचे माप ट्यूबच्या आतल्या व्यासावर ठरते. खरेदीच्या वेळी अनेक जण बाहेरचा व्यास सांगतात. ६३.५ मिलिमीटर बाहेरील व्यासाच्या ट्यूबची जाडी ३.२५ मिलिमीटर असेल तर आतला व्यास ५७ येतो, ३.६६ असेल तर ५६.२. आतल्या व्यासापेक्षा ब्रश किंचित मोठा असला तरच तारांची टोके भिंतीवर दाब देतात. तारा झिजून ब्रश सैल झाला की तो लगेच बदलावा; त्याच ब्रशवर आणखी एक साफसफाई भागवण्यात बचत काहीच होत नाही.

इजेविषयी सांगायचे, तर योग्य मापाच्या तारेच्या ब्रशने पोलादी ट्यूबला इजा होत नाही. स्क्रॅपर मात्र एका जागी थांबवून फिरवत ठेवू नये आणि ट्यूब जिथे ट्यूब प्लेटमध्ये फुलवून बसवलेली असते त्या टोकाशी तो हलक्या हाताने चालवावा. (ट्यूब प्लेट म्हणजे ट्यूबची टोके जिच्यात बसवलेली असतात ती जाड पोलादी तबकडी.)

उत्तर – विटा, सायझिंग युनिट

वरील उत्तराशी मी सहमत आहे. आमच्याकडे सायझिंगला, म्हणजे विणण्यापूर्वी सुताला खळ देण्याच्या कामाला, वाफ लागते आणि इंधन मुख्यतः लाकूडच असते. आम्ही हवेच्या दाबावरचे यंत्र वापरतो. त्याच्या वापरातील काही गोष्टी सांगतो, कारण त्या यंत्राच्या माहितीपत्रकात ठळकपणे दिलेल्या नसतात.

ब्रश ट्यूबच्या तोंडात शिरल्याशिवाय शाफ्ट फिरवू नये. मोकळ्या हवेत फिरणारा लवचीक शाफ्ट चाबकासारखा उसळतो आणि माणसाच्या मनगटावर किंवा तोंडावर बसू शकतो. यासाठी पायाने दाबायचा स्विच किंवा व्हॉल्व्ह असलेलेच यंत्र घ्यावे, म्हणजे पाय उचलताच ते थांबते आणि दोन्ही हात शाफ्टवर राहतात. दुसरे असे की दुसऱ्या पासच्या ट्यूबचे मागचे तोंड समोरून काम करणाऱ्याला दिसत नाही. ट्यूबची लांबी मोजून शाफ्टच्या आवरणावर रंगीत टेप गुंडाळावी. टेप तोंडाशी आली की ब्रश पलीकडे पोहोचला असे समजून तिथेच थांबावे. फिरण्याची दिशाही तपासावी, कारण उलट दिशेने फिरवल्यास आट्यांवर बसवलेला ब्रश ट्यूबमध्येच सुटतो आणि मग तो काढणे हे स्वतंत्र काम होऊन बसते.

कॉम्प्रेसरचाही विचार व्हावा. हवेची मोटर सलग हवा मागते; लहान कॉम्प्रेसर असेल तर दाब पडतो, ब्रश मंदावतो आणि दर थोड्या वेळाने थांबावे लागते. यंत्राला मिनिटाला किती हवा लागते तो आकडा आणि आपला कॉम्प्रेसर देतो तो आकडा, दोन्ही समोरासमोर ठेवून मगच निर्णय घ्यावा. दूधप्रक्रियेत आपल्याकडे कॉम्प्रेसर असेलच, परंतु सुटीच्या दिवशी तो या कामाला मोकळा मिळतो का, हेही पाहावे.

सळईचा ब्रश आम्ही टाकून दिलेला नाही. दोन मोठ्या साफसफाईंच्या मधे तिसऱ्या पासच्या ट्यूबमधील मोकळी राख काढायला तो पुरतो. एकच लक्षात ठेवावे: ट्यूबच्या मध्यावर ब्रश मागे ओढू नये. तारा एका दिशेला वाकलेल्या असतात, त्या उलट फिरताना अडकतात आणि तुटतात. ब्रश पूर्ण पलीकडे काढून मगच मागे घ्यावा.

उत्तर – मिरज, कारखाना सुरक्षा

यंत्राच्या निवडीत सुरक्षेचा मुद्दा अजून आलेला नाही आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. वेट बॅक बॉयलरमध्ये दुसऱ्या पासमधून ढकललेली सगळी राख मागच्या वळणकक्षात पडते आणि ती काढण्यासाठी माणसाला भट्टीतून किंवा मॅनहोलमधून आत जावे लागते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६अ नुसार अशा बंदिस्त जागेत, पुरेशी सुरक्षा साधने नसतील तर, २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा किंवा अन्य विजेचे उपकरण वापरता येत नव्हते; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली, पण धोका तोच आहे. चारही बाजूंनी लोखंड, अंगाला घाम आणि हातात २३० व्होल्टचे यंत्र, ही परिस्थिती जीवघेणी असते. त्यामुळे विजेचे यंत्र घेतलेच, तर त्याची मोटर बाहेर राहावी आणि आत फक्त शाफ्ट जावा. आत जाऊनच काम करायचे असेल, तर हवेवरचे यंत्र आणि २४ व्होल्टचा दिवा, याला पर्याय शोधू नये.

काम सुरू करण्यापूर्वी दाब शून्यावर आला आहे, हवेचा व्हेंट उघडा आहे आणि मुख्य वाफेचा व्हॉल्व्ह बंद आहे, याची खात्री करावी. एफडी पंखा (भट्टीत हवा ढकलणारा), आयडी पंखा (धूर चिमणीकडे ओढणारा) तसेच फीड पंप (बॉयलरला पाणी देणारा) यांचा वीजपुरवठा तोडून त्याला कुलूप लावावे आणि किल्ली आत जाणाऱ्याकडेच द्यावी. बॉयलर आपोआप थंड होऊ द्यावा. घाई म्हणून दारे उघडून पंख्याने गार हवा मारल्यास ट्यूब आणि ट्यूब प्लेट यांच्या जोडांवर ताण येतो आणि पुढे तिथूनच गळती सुरू होते. वरून गार वाटणाऱ्या राखेच्या ढिगात निखारे तग धरून असतात, म्हणून व्हॅक्यूम लावण्यापूर्वी राख पसरून पाहावी, नाही तर व्हॅक्यूमची पिशवी पेट घेते. आत माणूस असेपर्यंत बाहेर दुसरा माणूस थांबलाच पाहिजे.

नाकातोंडावर रुमाल बांधून हे काम करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती मला अतिशय खटकते. बारीक राख रुमालातून सरळ आत जाते. किमान एन९५ दर्जाचा मास्क, बंद चष्मा आणि हातमोजे माणसाला देणे हे मालकाचे काम आहे, उपकार नव्हेत. ट्यूबच्या तोंडाशी धूळ ओढून घेणारा व्हॅक्यूम यंत्रासोबत मिळत असेल, तर तो वगळून किंमत कमी करून घेऊ नये.

प्रश्नकर्ता – कुपवाड, देखभाल विभाग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हवेवरचे यंत्र, पायाचा व्हॉल्व्ह आणि दोन्ही प्रकारची टोके या दिशेने मी प्रस्ताव तयार करतो. एक शंका राहते. मागच्या साफसफाईनंतर तापमान १९० ऐवजी २०५ वरच थांबले. ट्यूब आतून स्वच्छ दिसत होत्या. वर्षाची तपासणी जवळ आली आहे. ही उरलेली काजळी समजावी का?

उत्तर – सातारा, निवृत्त बॉयलर अभियंता

तशी शक्यता आहे, पण त्यावर विसंबू नये. चिमणीचे तापमान अनेक कारणांनी वाढते आणि काजळी हे त्यातले एकच कारण आहे. पाण्याच्या बाजूने क्षारांचा थर बसला तरी तापमान चढते आणि तो थर ट्यूबच्या आत कितीही ब्रश फिरवला तरी जाणार नाही. दोन्हींतला फरक ओळखण्याचा एक सोपा मार्ग आहे. बॉयलरच्या आधी आणि नंतर वायूचा ड्राफ्ट, म्हणजे ओढीचा दाब, पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजावा; त्याला साधा यू ट्यूब मॅनोमीटर (पाणी भरलेली यू आकाराची काचनळी) पुरतो. काजळीने ट्यूबचा मार्ग अरुंद होतो, म्हणून दोन्ही ठिकाणच्या ड्राफ्टमधील फरक वाढतो. पाण्याच्या बाजूचा थर वायूच्या वाटेत नसतो, त्यामुळे तापमान वाढूनही हा फरक पूर्वीइतकाच राहतो. वाफेचा भार आणि पंख्याचा डॅम्पर (वायूचा प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) दोन्ही वेळी सारखे ठेवूनच ही तुलना करावी.

फरक वाढलेला नसेल, तर सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा कठीणपणा काढणारे संयंत्र, पाहावा. नदीचे पाणी कमी पडल्यावर बोअरचे पाणी घेतले गेले असेल, तर सॉफ्टनरचे रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने तो पुन्हा कार्यक्षम करणे) पूर्वीच्याच अंतराने करून भागत नाही. सॉफ्टनरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याचा कठीणपणा रोज तपासावा. पाणीही ठीक असेल, तर दारांच्या फटी बंद करणाऱ्या उष्णतारोधक दोरीची गळती आणि दोन पासमधील आडभिंत तपासावी. या भिंतीला भेग पडली असेल, तर तप्त वायू ट्यूबमधून न जाता आडवाटेने चिमणीकडे निघतो.

तपासणी जवळ आली आहे, हे सोयीचेच आहे, कारण त्या वेळी मॅनहोल उघडून पाण्याची बाजूही डोळ्यांनी पाहता येते. ट्यूब घासून झाल्यावर ट्यूब प्लेटही कोरड्या ब्रशने लखलखीत करावी. पांढुरके ओघळ दिसले तर ती गळतीची खूण असते. एखादी ट्यूब बदलावी लागेल असे वाटल्यास ती आपल्या पातळीवर बदलू नये. १९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला आहे, पण अशा दुरुस्तीला बाष्पके संचालनालयाची परवानगी लागते, हे तत्त्व कायम आहे.

शेवटी पावसाळ्याविषयी. बॉयलर काही आठवडे बंद ठेवायचा असेल, तर ट्यूबमध्ये राख ठेवून तो कधीही बंद करू नये. लाकडाच्या राखेतील क्षार हवेतील ओल ओढून घेतात, राख दगडासारखी घट्ट बसते आणि तिच्याखाली ट्यूबला खड्डे पडू लागतात. बंद करण्यापूर्वी यंत्राने स्क्रॅपर आणि ब्रश दोन्ही फिरवावेत, वळणकक्षातील राख पूर्ण काढावी, ट्यूब पाण्याने मात्र धुऊ नयेत, आणि दारे बंद करण्याआधी आत चुन्याच्या कळ्यांचे ट्रे ठेवावेत. बॉयलर पुन्हा पेटवण्यापूर्वी ते ट्रे बाहेर काढल्याची नोंद लॉगबुकात करून त्यावर सही घ्यावी.