शब्दचर्चा: ‘उत्तेजक चाचणी’, ‘दोषी’ आणि ‘गांजासदृश’

नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलोय. साताऱ्यात आमच्या मुलांच्या तिरंदाजीच्या वर्गासाठी पालकांना वाटायला डोपिंगबद्दल, म्हणजे खेळात बंदी असलेली द्रव्यं घेण्याबद्दल, मराठी पत्रक करतोय. मराठी पेपरात सगळीकडे एकच शब्द दिसतो, उत्तेजक. वाडा म्हणजे जागतिक उत्तेजक द्रव्य प्रतिबंधक संस्था, नाडा म्हणजे तीच राष्ट्रीय, आणि डोप टेस्ट म्हणजे उत्तेजक चाचणी. मीही तेच लिहिलं आणि कच्चं पत्रक काही पालकांना वाचायला दिलं, तर ते म्हणाले की सर, आम्ही पोरांना उत्तेजक वगैरे कशाला देऊ, सर्दी-खोकला झाला की मेडिकलमधनं सिरप आणतो तेवढंच. आता नेमकं तेच तर मला सांगायचंय ना! मग हा शब्द ठेवावा का बदलावा? आणि बदलला तर लोकांना कळेल असा दुसरा कोणता आहे?

---

दादा, बदलाच. माझं औषधांचं दुकान आहे त्यामुळे यावर जरा मोठं लिहिते.

उत्तेजक म्हणजे चेतवणारं, तरतरी आणणारं. वाडाच्या यादीत उत्तेजकं आहेतच, पण तो अनेक गटांपैकी एक गट आहे. बाकीच्यात स्नायू वाढवणारी स्टेरॉइड्स आहेत, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं ईपीओ आहे, लघवी जास्त व्हायला लावणाऱ्या गोळ्या आहेत. या शेवटच्या गोळ्यांना आपल्याकडे मूत्रल असा छान जुना शब्द आहे. त्यानं ताकद वाढत नाही, पण लघवी पातळ होते आणि दुसरं काही घेतलं असेल तर ते पकडणं अवघड जातं, शिवाय वजनी गटाच्या खेळात वजन झटकन उतरतं, म्हणून बंदी. शेन वॉर्न 2003 च्या वर्ल्डकपमधून पहिल्या मॅचच्या आधीच घरी गेला तो अशाच गोळीमुळे, आईनं दिली होती म्हणाला, वर्षभर बंदी बसली. त्याला उत्तेजक कसं म्हणणार?

आणि तुमच्या तिरंदाजीत तर सगळं उलटंच आहे. तिथं बंदी आहे बीटा ब्लॉकरवर, म्हणजे प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या, ज्या बीपीला, अर्धशिशीला, हाताच्या थरथरीला डॉक्टर देतात. त्यानं ठोके मंदावतात, हात स्थिर राहतो. स्पर्धेच्या दिवशीच नाही, तिरंदाजी आणि नेमबाजीत सरावाच्या काळातसुद्धा चालत नाही. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधे उत्तर कोरियाच्या किम जाँग सू या नेमबाजाचं एक रौप्य आणि एक कांस्य अशी दोन्ही पदकं काढून घेतली ती याच औषधामुळे. शांत करणाऱ्या गोळीला पेपरवाले उत्तेजक म्हणतात आणि मग तुमच्या पालकांना आजीची बीपीची गोळी यादीत असेल असं वाटतच नाही, त्यात त्यांची काय चूक.

सिरपचं तर आपल्या मुंबईचंच उदाहरण आहे. पृथ्वी शॉ, 2019, नमुन्यात टर्ब्युटालीन निघालं. हे श्वासनलिका मोकळी करणारं औषध, कफ सिरपमधे सर्रास असतं. खेळ सुधारायला घेतलं नव्हतं हे बीसीसीआयनं मान्य केलं तरी 8 महिने बंदी. माझ्याकडे आजही लोक नुसतं ‘खोकल्याचं द्या’ म्हणतात, बाटलीवरची बारीक अक्षरं कोण वाचतं. तेव्हा ‘प्रतिबंधित द्रव्य’ लिहा, आणि लगेच पुढे ‘यात साधी औषधंही येतात’ हे वाक्य जोडा.

---

ताईंशी शंभर टक्के सहमत. पण माझा राग दुसऱ्या शब्दावर आहे, तो म्हणजे ‘दोषी’. ‘अमका खेळाडू उत्तेजक चाचणीत दोषी’ हा मथळा तुम्ही सगळ्यांनी वाचला असेल. मी सत्र न्यायालयात वकिली करतो, अंमली पदार्थांच्या केसेस चालवतो. चाचणी कोणाला दोषी ठरवत नाही हो, चाचणी फक्त सांगते की या बाटलीत हे द्रव्य सापडलं.

पोलिसांचा जप्ती पंचनामा बघा. ‘हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, काड्या व बिया असलेला गांजासदृश पदार्थ’. पोत्याजवळ उभं राहून सगळ्यांना वास येत असतो, तरी हवालदार ‘गांजा’ लिहीत नाही, ‘गांजासदृश’ लिहितो, कारण तो गांजा आहे हे सांगायचा अधिकार प्रयोगशाळेचा, आणि तो बाळगणारा गुन्हेगार आहे हे सांगायचा अधिकार कोर्टाचा. एका ‘सदृश’मधे केवढा संयम आहे बघा, आणि तो रोज साध्या हवालदाराच्या हातून लिहिला जातो. अंमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे, शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाहीत, त्यामुळे पोत्याचं वजन करताना काड्या-पानं वेगळी केली होती का यावर आम्ही तासन्‌तास भांडतो. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण आणि वीस किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण म्हणजे किमान 10 वर्षं कैद, तेव्हा भांडायलाच लागतं.

खेळात पण टप्पे असेच आहेत. खेळाडूसमोर नमुना दोन बाटल्यांत भरून सील करतात, ए आणि बी. ए मधे काही निघालं तर कळवतात, तो बी उघडायची मागणी करू शकतो, मग सुनावणी, मग निकाल. नरसिंग यादवचं 2016 मधलं प्रकरण आठवा. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान. नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड निघालं, ते कोणीतरी मुद्दाम खाण्यापिण्यात मिसळलं हे त्याचं म्हणणं नाडाच्या समितीनं मान्य करून त्याला मोकळं केलं, आणि मग रिओत कुस्तीच्या तोंडावर क्रीडा लवादानं 4 वर्षांची बंदी घातली. पहिल्या बातमीतच ‘दोषी’ लिहून बसलात तर नंतरच्या दोन्ही बातम्यांना शब्दच उरत नाही.

---

न्यायवैद्यक प्रयोगशाळा असं पेपरात येतं तेही मला खटकतं. न्यायवैद्यक म्हणजे वैद्यकाचा भाग, शवविच्छेदन, जखमांचं वय वगैरे. गांजा तपासणं, सही ओळखणं, बंदुकीची गोळी जुळवणं यात वैद्यक कुठे आहे? कलिन्याच्या सरकारी प्रयोगशाळेचं नाव न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे आणि ते जास्त बरोबर आहे, न्यायाला साहाय्य करणारी. पण उत्तेजकबद्दल माझं मत वेगळं आहे. तो शब्द रुळलाय, संस्थांच्या नावात गेलाय, लोक तोच शोधणार. उगाच नवीन शब्द काढून गोंधळ नको.

---

न्यायसहायक बरोबरच, फक्त कोर्टात आम्ही सगळे अजून ‘सीए रिपोर्ट’च म्हणतो, केमिकल ॲनालायझरच्या जमान्यापासूनचं. रुळल्याचं म्हणाल तर संस्थेचं नाव आहे तसं राहू द्या, नावात बदल आपण करूही शकत नाही. पण पत्रक वाचून आई ठरवणार आहे की पोराला कुठली बाटली पाजायची, तिथं रुळलेला पण चुकीचा शब्द नको.

---

सगळ्यांचे मनापासून आभार. असं लिहिलंय, बघा: “स्पर्धेत व सरावात मुलांची लघवी किंवा रक्त तपासलं जाऊ शकतं. त्यात प्रतिबंधित द्रव्य आढळलं तर बंदी येऊ शकते, मग ते चुकून घेतलेलं असलं तरी. खोकल्याचं सिरप, सर्दीची गोळी, बीपीची गोळी, जिमच्या पावडरीचे डबे यातही अशी द्रव्यं असू शकतात. (पेपरात यालाच उत्तेजक द्रव्य म्हणतात.) कोणतंही औषध देण्याआधी डॉक्टरांना मूल तिरंदाज आहे हे सांगा.”

---

छान झालंय दादा. एक भर घाला, दम्याच्या मुलांसाठी. साल्ब्युटामॉलचा पंप ठरावीक मर्यादेत चालतो, तेच औषध सिरप किंवा गोळीतनं चालत नाही, आणि टर्ब्युटालीन तर कशातनंच चालत नाही. खरंच गरज असेल तर उपचारासाठी आधी परवानगी मागता येते, त्याचा अर्ज असतो. ते नाही लिहिलं तर घाबरून कोणीतरी पोराचा पंपच बंद करेल.