मदत हवी आहे : भूतानच्या नोटेचं गणित
आम्ही ऐरोलीला राहतो, लेक नववीला आहे, सोमवारी भारत-भूतान मैत्रीवर प्रोजेक्ट द्यायचाय आणि बाईसाहेबांनी सांगितलं काल रात्री अकराला! 1949 चा करार, 2007 मध्ये तो बदलला, 1020 मेगावॅटचा भूतानमधला ताला जलविद्युत प्रकल्प, एवढं चार्टवर चिकटवलंय. शेजारच्या काकूंनी भूतानमधल्या पारोहून आणलेली तिथल्या चलनातली, दहा न्गुलट्रमची कोरी नोट पण लावली, आपल्या दहाच्या बाजूला. अडलंय ते इथेच. भूतानचं चलन आपल्या रुपयाला एकास एक बांधलंय, मग त्यात त्यांचा फायदा काय? आणि पावसाळ्यात ते आपल्याला वीज विकतात, हिवाळ्यात नद्यांचं पाणी कमी झालं की आपल्याकडूनच घेतात, तर हा हिशोब रुपयातच होतो का? बँकेतलं कोणी असेल तर प्लीज सोप्या भाषेत सांगा, मला काही तिला समजावता येईना.